माडाच्या पोटातली करकर

भाट्ये, ता. १८ नोव्हेंबर १९८६

मांडवीला बसून भेळ खायला तुला वेळ होता. शेजारच्या कमळेनं स्वतः पाहिलं. बंदराच्या कठड्यावर बसली होतीस, सोबत तुझ्या अलोऱ्याच्या कॉलनीतल्या दोन बायका, आणि तू त्यांना हात करून खाडीपलीकडचं काहीतरी दाखवत होतीस. दाखवत होतीस ते आमचंच आगर. तिथून पूल ओलांडला की घर. तू पूल ओलांडला नाहीस. भेळ बरी होती का, एवढं तरी कळवायचंस.

हे आधी लिहिलं, कारण पोटात राहिलं असतं तर पुढचं अक्षर नीट आलं नसतं. तसं ते दुसरीपर्यंतच शिकलेलं अक्षर आहे, तेव्हा सांभाळून वाच. आता रीतीचं. चि. राहीस आजीचा आशीर्वाद. आम्ही सगळी ठीक. तुझी आई मालन ठीक. तुझा बाप रघू ठीक, तुझं नाव घेत नाही. घ्यायची वेळ आलीच तर "ती अलोऱ्याची" म्हणतो. गुहागरच्या लोकांना दिलेला लग्नाचा शब्द मोडून तू त्या कॉलनीत नोकरीला गेलीस त्याला दोन वर्षं झाली, तरी अजून कोणी गुहागरकडचा माणूस खळ्यात आला की हा मागच्या दाराने पोफळीत जातो. ते तुमचं तुम्ही बघा. मला माडाचं बोलायचं आहे.

दिवाळी झाल्यावर भिकाजीचा माड मधोमध मोडून गोठ्यावर पडला. वारा नव्हता, काही नव्हतं. आत सोंड्या भुंग्याच्या अळ्यांनी खाऊन भुसा केला होता. म्हैस बाहेर बांधलेली म्हणून वाचली. तेव्हापासून वाडीत जो तो मान वर करून चालतो. आपला स्वयंपाकघरामागचा बाणवली माड तुला माहीत आहे, कमळेच्या कौलांवर झुकलेला. चढायला पाय ठेवण्यासाठी खोडावर खाचा पाडल्यात, त्यातल्या एकीत रघूला भोक दिसलं. तो म्हणतो शिमग्याच्या आत तोडायचा. खाली कमळा दोन पोरं घेऊन राहते, तेव्हा रघूचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण भोक म्हणजे भुंगा असं नाही. आणि असलाच तरी वेळेवर कळलं तर भोकात औषध ओतून माती लिंपली की भागतं. तोडायला लागत नाही. एवढे नारळ देणारा दुसरा माड आगरात नाही, म्हणून सांगते.

आत आहे की नाही हे कानाने कळतं. वाडीत ते काम माझं. माझ्या सासूने शिकवलेलं. खोडाला एक कान लावायचा, दुसऱ्यात बोट घालायचं, श्वास धरायचा. मी "आहे" म्हटलं की औषध, "नाही" म्हटलं की लोक घरी जातात. ह्या माडाला मी एकदा सोडून तीनदा कान लावला. आत काही नाही. रघू म्हणाला, "आये, तुझं राहू दे आता." आणि कमळा खाली बघत राहिली.

भिकाजीच्या माडालाही श्रावणात मीच कान लावला होता. तेव्हा आत काही नव्हतं. मागाहून शिरले असतील. भुंगे काही मला विचारून शिरत नाहीत.

तू तिकडे भूकंपाची यंत्रं जोडतेस असं मालन सांगते. तिला हे कुठून कळतं ते मी विचारलेलं नाही. जमिनीच्या पोटात जरा हललं की तुमच्या यंत्राला कळतं म्हणे. रघूचं म्हणणं, जमिनीचं ऐकते, बापाचं ऐकत नाही. पण मी वेगळा विचार केला. जमिनीच्या पोटातलं ऐकू येतं तर खोडाच्या पोटातलं यायला काय हरकत? तसलं एक करून पाठव. यंत्र बोललं की आत काही नाही, म्हणजे ह्यांची तोंडं बंद होतील.

आजी


भाट्ये, ता. ६ डिसेंबर १९८६

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणू की परीक्षेचा पेपर? वर खुशाली एक ओळ आणि खाली सगळे प्रश्न. रघूने पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि पाकीट फडताळावर ठेवलं, पण पालथं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. अळीचा आवाज कसा? ओला ऊस चावावा तसा. पण चावणारा शेजारच्या घरात बसलेला आणि मधे भिंत. सारखा येतो का? नाही. करकर, मग गप्प, मग पुन्हा दोनदा करकर. खोडावर थाप मारली की बराच वेळ गप्प. किती मोठा? हे तू विचारायचं? लहानपणी वाडीतल्या बाबल्याचा रेडिओ उघडून बसायचीस त्यापेक्षा खोडाला कान लावायला शिकली असतीस तर माहीत असतं. श्वास चालू ठेवला तर ऐकू येत नाही एवढा.

आता तू लिहिलेल्याचं. ट्रान्झिस्टर म्हणजे तीन पायांचा काळा मणी, त्याच्या एका पायाला चिमूटभर वीज हलवली की दुसऱ्या दोन पायांतून ओंजळभर वीज तशीच हलते, असं लिहिलंस. चित्र मला कळलं नाही. मला ते आगरातल्या पाटावरून कळलं. पाटाच्या तोंडाशी फळी असते. ती बोटाने जरा उचलली की मागचं पाणी धावतं, जरा दाबली की अडतं. बोट माझं, पाणी विहिरीचं. बोट जसं हलेल तसं पाणी. असंच ना? चुकलं असेल तर कळव, पण कळेल असं कळव. आणि तुझ्या यंत्रात विहीर म्हणजे सेल, हे मी आपलं आपण ओळखलं.

एक मला कळत नाही. एका फळीने भागणार नाही म्हणून एकामागे एक तीन मणी लावणार म्हणतेस. तीनच का? तीस लाव. तीस लावलेस तर अळी काय, मुंगी चालली तरी ऐकू येईल. एवढं शिकून हे तुझ्या डोक्यात कसं आलं नाही?

आजी


भाट्ये, ता. २७ डिसेंबर १९८६

यंत्र मिळालं. चिपळूणच्या एस.टी.च्या कंडक्टरने पुलाच्या तोंडाशी उतरवून दिलं आणि विचारलं, "आजीबाई, ह्यात बॉम्ब तर नाही?" मी म्हटलं अजून जोडायचा आहे.

आधी तुझं उत्तर. तीस का नाही, तर प्रत्येक मण्याचा स्वतःचा थोडा आवाज असतो, असं लिहिलंस. आणि पहिल्या मण्याने जो आवाज घातला तो अळीच्या आवाजाबरोबर मागचे सगळे मणी मोठा करत नेतात. मागच्यांना अळी कुठली आणि मणी कुठला हे कळत नाही, जे येईल ते फुगवायचं. म्हणून मणी वाढवून उपयोग नाही, पहिलाच शांत हवा. हे मी दोन दिवस डोक्यात घोळवलं. मग दही लावताना कळलं. पहिला मणी म्हणजे विरजण. विरजणाला वास असला तर पुढे दूध कितीही चांगलं घाल, सगळ्या हंडीला तोच वास. बरोबर आहे ना? मालनला सांगितलं तर ती म्हणाली, तुम्ही दोघी पत्रात दह्याचं लिहिता होय.

आता यंत्राचं. ग्रामोफोनच्या सुईजवळचा खडा त्यात घातलास म्हणतेस, तो खिळ्याला चिकटलेला आहे, खिळा मी खोडात ठोकला, ऐकायच्या वाट्या कानांवर घातल्या आणि बटण फिरवलं. गो, आत भुंगेच भुंगे. घूंऽऽ असा एकसारखा आवाज, श्वासही न घेता. अळी नव्हे, अळीचा मी ओळखते. हे मोठे भुंगे, पंख हलवणारे. मी कोणाला बोलले नाही. तीनदा "नाही" म्हणून बसले होते, तेव्हा आधी नीट ऐकून घ्यावं म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाट्या घालून उभी असताना वीज गेली. पलीकडची गिरणी थांबली, आपला पंप थांबला, आणि माडातले भुंगेही थांबले. मी तशीच उभी राहिले. वीज आली, भुंगे आले. आता भुंगे काय विजेचं बिल भरतात?

तेव्हा मान वर करून पाहिलं. पंपाची तार माडाला खेटून जाते. पण ती तुझ्या यंत्राला कुठेही लागत नाही. तुझं यंत्र सेलवर चालतं. मग तारेतली वीज यंत्रात शिरली कुठून? मधे तर नुसती हवा आहे. हे मला सांगितल्याशिवाय दुसरं काही सांगू नकोस.

आजी


भाट्ये, ता. १२ जानेवारी १९८७

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेलं नवं यंत्र मिळालं. तू सांगितलंस तशी डब्याची तार ओल्या जमिनीत पुरली. हवेतून येणारी वीज पत्र्यावर आदळून जमिनीत जाते, आत शिरत नाही, हे लिहिलंस ते पटलं. आमच्याकडे उंदरांपासून तांदूळ पत्र्याच्या डब्यातच ठेवतात. वायर पण जाळीच्या खोळीतली दिलीस. शिवाय ऐकताना पंप बंद ठेवला. घूं गेली.

आणि काय सांगू, यंत्र असावं तर असं. वाट्या घातल्या की कान अगदी निवांत. देवळाच्या गाभाऱ्यात बसल्यासारखं. अळीची करकरही नाही. म्हणजे माड स्वच्छ, मी म्हणत होते तसा.

पण ह्या लोकांना चांगलं बघवत नाही. मी कमळेला बोलावलं, म्हटलं ऐक आणि निजायला निवांत घरी जा. तिने वाट्या घातल्या आणि म्हणाली, "काकी, आत पाऊस पडतोय." मी म्हटलं, पाऊस कसला? तर ती म्हणे एकसारखी सूंऽऽ चालली आहे. रघू पडवीत ऐकत होता. त्या पोरीचं यंत्र माझ्या आगरात नको असं म्हणून आठ दिवस त्याने तिकडे पाहिलंही नव्हतं, पण नाव ठेवायची संधी मिळाली तसा उठून आला. कानाला लावलं आणि म्हणाला, "नुसती सूं. ह्यात हत्तीने ऊस खाल्ला तरी कळायचा नाही." आणि वाट्या माझ्या हातात देऊन गेला.

मी पुन्हा लावून पाहिलं. सूं नाही, काही नाही. दोघंही खोटं बोलतात. कमळेला माड जायला हवा आहे, आणि रघूला तुझं काही चांगलं झालेलं नको आहे. तू सहीनिशी लिहून दे की यंत्र सूं करत नाही. ते पत्र मी पडवीत खिळ्याला टांगीन.

आजी


भाट्ये, ता. २८ जानेवारी १९८७

मी मागितलं एक आणि तू पाठवलंस दुसरं. सूं आहेच म्हणतेस. असायलाच हवी म्हणतेस. यंत्रातल्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या गोळ्या असतात, रेझिस्टर म्हणतेस त्या, त्यांच्या आत ऊब असते तोवर विजेचे कण थरथरत राहतात, कोणी हात लावला नाही तरी, वारा नसला तरी, आणि त्या थरथरीचाच आवाज येतो. वाचून मी बराच वेळ त्या डब्याकडे बघत बसले. नुसता पडून असलेला डबा, आणि आत एवढी गडबड. मग मला वाटलं, ऊब नको तर थंड करावा. डबा ओल्या मडक्याखाली ठेवला तर? तू लिहिशील की मडक्याने काही होत नाही. बर्फाने होईल का? बर्फानेही नाही तर मग कशाने?

आणि खाली ते प्रश्न. आजी, चिमण्यांचा आवाज ऐकू येतो का. आजी, कुकरची शिट्टी ऐकू येते का. आजी, बांगड्या वाजलेल्या कळतात का. हे यंत्राबद्दल आहे की माझ्याबद्दल? तरी उत्तर देते. चिमण्या हल्ली वाडीत येत नाहीत, दोन वर्षं झाली. मालनच्या बांगड्या वाजत नाहीत कारण आजकालच्या बांगड्या हलक्या. कुकर तिने आणला तो आणतानाच बिघडलेला, शिट्टी देत नाही.

हे इथवर लिहून पत्र ठेवलं होतं. आता पुढचं आज लिहिते.

काल मालन विहिरीवर गेली आणि मला सांगून गेली, शिट्ट्या झाल्या की स्टोव्ह बंद करा. मी स्टोव्हजवळच बसले, समोर कुकर, हातात नारळ. शिट्टी काही होईना. भाताचा जळका वास आला तेव्हा रघू पडवीतून आत आला, स्टोव्ह बंद केला आणि माझ्या समोर उभा राहिला. मोठ्याने बोलला नाही, पण तोंड माझ्याकडे करून बोलला.

"आये, शिट्ट्या वाडीभर ऐकू गेल्या. तुला ऐकायला येत नाय."

मी म्हटलं, मग मला आधी का नाही सांगितलंस?

"सांगत होतो," तो म्हणाला.

तर असं आहे. चिमण्या माझ्यासमोर तांदूळ टिपत होत्या आज. तोंड उघडतात, मिटतात. तेव्हा तू विचारलंस त्याचं खरं उत्तर हे धर. जाड आवाज मला येतात. पंप येतो, गिरणी येते, समुद्र येतो, रघूचा ओरडा येतो. बारीक आवाज गेले. गेले ते कधी गेले ते मात्र कळलं नाही. वीज गेली की कळतं, हे कसं कळलं नाही? तूच सांग, माझ्या कानातला कुठला मणी गेला, पहिला की मागचा?

भिकाजीच्या माडाबद्दल मी काही लिहीत नाही. म्हैस वाचली.

कानाचं यंत्र करून पाठवते म्हणून तू पुढच्या पत्रात लिहिशील, तर ते नको. पाठवलंस तर कोंबड्याला घालीन. मला माडाचं हवं. माझं तीन वेळचं "नाही" आता धरायचं नाही. आत अळी असेलही. रघूने शेंड्याला दोर बांधून ठेवला आहे, तोडला की कमळेच्या घराकडे न पडता आगराकडे ओढायला. कुऱ्हाडीला धार लावून झाली. कमळा आणि पोरं आपल्या पडवीत निजतात, मीच आणली. तेव्हा घाई कर. मला ऐकू येईल एवढी अळी मोठी कर. अळी मोठी केली की सूं मोठी होणार, हे मला समजलं आहे, पुन्हा समजावू नकोस. आधी पहिला मणी शांत कर आणि मग मोठी कर.

आजी


भाट्ये, ता. २२ फेब्रुवारी १९८७

तिसरं यंत्र आलं. आतल्या तपकिरी गोळ्या जाऊन निळ्या आल्यात, त्या कमी थरथरतात म्हणतेस. पहिल्या मण्याला वीज फार थोडी दिलीस. आणि बारीक आवाज गाळून टाकून जाड तेवढा पुढे सोडलास, म्हणजे माझ्या उरलेल्या कानात मावेल असा. ऊस चावताना जाडही आवाज होतो, नुसता बारीक नाही, हे मला सुचलं नव्हतं.

पण तो स्क्रू. पहिल्या मण्याला किती वीज द्यायची ते ठरवणारा एवढासा स्क्रू आत ठेवलास, आणि चिठ्ठीत लिहिलंस, "यंत्र माडाला लावल्यावर ज्याला सूं ऐकू येते त्याने हा स्क्रू हळूहळू फिरवावा आणि सूं सगळ्यात कमी होईल तिथे थांबावं." ज्याला सूं ऐकू येते. हे तुला अलोऱ्यालाच बसून करता आलं नसतं का? मला कारण लिहिलं आहेस, खड्यागणिक फरक पडतो म्हणून. ते मी वाचलं. तरी मुद्दाम केलंस का ते खरं सांग.

चिठ्ठी मी पडवीत रघूसमोर ठेवली. त्याने वाचली. "ज्याला म्हणजे कोण?" म्हणाला. मी म्हटलं, कोंबडा. तो उठला आणि स्क्रू फिरवायला पेचकस घेऊन आला.

भर दुपारची वेळ निवडली, गिरणी बंद असते तेव्हाची. पंप बंद केला. कमळेने पोरांना वाळूत पिटाळलं. रघू खोडाशी उकिडवा बसला, वाट्या कानांवर, डबा मांडीवर, आणि केसभर केसभर स्क्रू फिरवायला लागला. त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. डॉक्टर पोट दाबतो तेव्हा होतं तसं. "कमी झाली," म्हणाला. मग "अजून कमी." मग कपाळाला आठी. "आता परत वाढते." मागे घेतला, पुढे नेला, मागे घेतला. दोन मिनिटांचं काम, पण हा काही सोडेना. मी म्हटलं, अरे माड वाळेल तोवर. तेव्हा वाट्या काढून माझ्या हातात दिल्या.

कुऱ्हाड गडग्याच्या दगडांना टेकलेली होती. तो म्हणाला, "असलं तर असलं म्हण."

मी वाट्या घातल्या. काही नाही. मग काही नाही. आणि मग, गो, शेजारच्या घरात कोणी ऊस चावला. करकर. गप्प. दोनदा करकर. शेवटचा हा आवाज मी कधी ऐकला ते मला आठवत नाही, आणि ऐकू येत नव्हता तेव्हा मला त्याची आठवणही झाली नव्हती. मी हसले बहुतेक, कारण कमळा म्हणाली, काकी हसते, म्हणजे नाही.

तेवढ्यात माझ्या मनात सगळं येऊन गेलं. वाडीत हा आवाज ओळखणारी मी एकटी. रघूला सूं कळते, अळी कळत नाही. मी नाही म्हटलं असतं तर मला खोटं पाडणारं कोणी नव्हतं. माझं तोंड वर होतं आणि डोळ्यांसमोर कमळेची कौलं होती, त्यांवर पोरीची परकर-पोलकी वाळत घातलेली. मी म्हटलं, "आहे."

रघूने कुऱ्हाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "कुठे?" म्हणाला.

मी म्हटलं, सूंच्या मागे ऐक. ती पुढे आहे, हे मागे आहे. ऊस आहे असं समज. तो वाट्या घालून कितीतरी वेळ बसला. कमळा दोनदा विचारून गेली, तोडताय ना? त्याने हात वर करून तिला गप्प केलं. मग त्याचा हात तसाच वर राहिला. मला कळलं, ऐकला.

त्यानंतर जेवायला उठला नाही. खिळा काढायचा, वितभर वर ठोकायचा, ऐकायचं. काढायचा, खाली ठोकायचा, ऐकायचं. त्या खाचेपेक्षा दोन हात वर, समुद्राच्या बाजूला, करकर सगळ्यात मोठी लागली. भोक खाली आणि अळी वर, नुसत्या डोळ्यांनी कधी कळलं नसतं. शिडी लावून तिथे पटाशीने छिद्र पाडलं, औषध ओतलं, माती लिंपली. कमळेला म्हणाला, "थांब चार दिवस. आत कोण कुठे बसलाय ते आता कळलंय." ती म्हणाली, माझ्या पोरांच्या डोक्यावर तुमचा खेळ नको. तिचं बरोबर आहे. ती पडवीतच निजते, आणि दोर शेंड्यालाच आहे.

आजी


भाट्ये, ता. १० मार्च १९८७

माड उभा आहे.

पहिल्या औषधानंतर खालची करकर गेली, पण रघूला आणखी वर एक लागली. माझ्या कानाला ती लागलीच नाही, त्याने एकट्याने ऐकली आणि मला बोलावलं. यंत्र मोठं केल्यावर मला लागली. म्हणजे आता तोही ओळखतो. तिथेही औषध झालं. त्यानंतर चार वेळा ऐकलं, आधी त्याने, मग मी. गप्प. आता मला "नाही" म्हणायची भीती वाटते, म्हणून मी नुसतं "मला नाही" म्हणते आणि वाट्या त्याच्याकडे देते. तो म्हणतो, "मलाही नाय." मग धरायचं. यंत्र स्वतः गप्प नसेल तर माड गप्प आहे हे कळणार नाही, असं तू लिहिलं होतंस. त्याचा अर्थ मला आता लागला.

माडाच्या मधला कोंब हिरवा आणि सरळ आहे. कमळा परवा स्वतःहून अंथरूण उचलून घरी गेली, जाताना म्हणाली दोर काढू नका. काढलेला नाही. कुऱ्हाड लाकडांच्या खोलीत गेली. भिकाजी येऊन गेला, त्याच्या उरलेल्या माडांना कान लाव म्हणाला. कोणाचा कान ते बोलला नाही. आम्ही दोघं गेलो, डबा रघूच्या खांद्याला. एकात निघाली. लवकर निघाली.

आता मुद्द्याचं. रघूला त्या स्क्रूचं वेड लागलं आहे. प्रत्येक माडाला लावलं की आधी तो फिरवणार. त्याचं म्हणणं असं की वीज जास्त दिली तर सूं वाढते हे समजतं. पण कमी करत गेलं तर सूं कमी कमी होत जायला हवी, तर तशी होत नाही. एका जागेपर्यंत उतरते आणि त्याच्याही पलीकडे वीज कमी केली की पुन्हा चढते. दोन्हीकडे फिरवून वाढते आणि मधेच एक जागा कमी. असं का? परवा जेवताना त्याने मला विचारलं. मी म्हटलं, मला काय विचारतोस, मला सूं ऐकू येत नाही. तो भात कालवत राहिला. काल पुन्हा पाटावर फळी लावताना विचारलं. फळीचा दाखला देऊन झाला, विरजणाचा देऊन झाला, त्याला काही पटत नाही. त्याने खडूने पडवीच्या दारामागे रेघ काढून ठेवली आहे, आधी खाली येणारी आणि मग वर जाणारी, आणि जाता येता तिच्याकडे बघतो. आज सकाळी म्हणाला, "तिला लिहिशील तेव्हा विचार."

तर त्याने विचारलं ते मी वर लिहिलं. ह्यापुढे लिहिणार नाही. प्रश्न त्याचा आहे, सूं त्याच्या कानात आहे, मी मधे कशाला? त्याचं उत्तर तू मला पाठवलंस तर मी अर्धं समजून त्याला पाव सांगीन, आणि तो पुन्हा मला विचारील. मी म्हातारी बाई आहे, दोघांच्या मधे तिसरा मणी म्हणून बसायची माझी तयारी नाही.

पाकिटावर रघुनाथ आत्माराम नागवेकर असं पूर्ण नाव घाल. आत त्यालाच उद्देशून लिही, "बाबांस" म्हणून. त्याला न कळलेलं तो तुला लिहील, त्याच्यासाठी पोस्टाची पाकिटं मी आणून फडताळावर ठेवली आहेत, सुलटी. ह्या पत्राचं उत्तर त्याला यायला हवं. माझ्या नावे आलं तर मी ते फोडणार नाही.

आजी